सतरा नंबरची तुळई

४ एप्रिल १९६०, सोमवार

आज साहेबांनी माझ्या टेबलावर जुन्या रिपोर्टांचा ढीग आणून ठेवला. म्हणाले, "नवं राज्य येतंय. गेल्या पाच वर्षांत केलेल्या सगळ्या चाळींच्या पाहण्या एकत्र करून द्यायच्या आहेत. एकही रकाना रिकामा दिसता कामा नये." हे मला सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय?

ठाकूरद्वारच्या आमच्या इंजिनिअर कंपनीत चाळींच्या मजबुतीचे रिपोर्ट तयार होतात. मोजणीदार जागेवर जाऊन खांब, तुळया, भिंती पाहतो आणि छापील तक्ता भरतो. मी तपासनीस. तक्त्यावरून बोट फिरवायचं, रिकामा रकाना सापडला की लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि कागद मोजणीदाराकडे परत धाडायचा. खरं की खोटं हे बघणं माझं काम नाही. भरलेलं की रिकामं, एवढंच. माझी बायको कौसल्या म्हणते, "तुम्ही पंगतीत बसलात तरी आधी कुणाच्या पानात मीठ वाढायचं राहिलंय ते शोधता." शोधतो खरा. आणि कुणाच्या तरी पानात ते राहिलेलं असतंच.

७ एप्रिल, गुरुवार

चिंचपोकळीच्या नारळवाला चाळीचा रिपोर्ट हाती आला. जानेवारी १९५६. तिसऱ्या मजल्याची गॅलरी, तिला खालून धरणाऱ्या लाकडी तुळया एक ते चोवीस. प्रत्येकीसमोर "ठोकून पाहिली, भरीव" असं आमच्या मोजणीदार भिवाच्या तिरक्या अक्षरात. सतरा नंबरसमोर मात्र नुसती डिट्टोची, म्हणजे 'वरीलप्रमाणे'ची खूण. दोन सरळ रेघा. भिवा रेघसुद्धा तिरकी काढायचा. या रेघा माझ्या आहेत.

रकाना भरलेला आहे. फाईल पुढच्या गठ्ठ्यात ठेवली.

दुपारी तीनच्या सुमारास पलीकडच्या खोलीत कुणीतरी भिंतीवर ठोकत होतं. तीन ठोके, मग शांत. पुन्हा तीन ठोके. वैतागून उठलो आणि दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. कपाटं होती.

९ एप्रिल, शनिवार

तो ठोका आज दोनदा ऐकला. एकदा कचेरीत, एकदा घरी दाढी करताना. कौसल्येला विचारलं, तिला काही ऐकू आलं नव्हतं. "उंदीर असेल," ती म्हणाली. उंदीर तीन ठोके मारून थांबत नाही. थांबतो तो कान लावून ऐकणारा माणूस.

भिवा असाच ठोकायचा. छोटी हातोडी, लाकडाचा दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला. तीन ठोके मारायचा, मग तुळईला गाल टेकवून थांबायचा. मला म्हणायचा, "रघुभाऊ, भरीव लाकूड ठोका परत देतं, हाताला कळतं. पोखरलेलं लाकूड ठोका गिळतं." मी हसायचो. बाकीचे मोजणीदार दिवसाला साठ तुळया ठोकायचे, हा चाळीस. पण त्याच्या तक्त्यात एक शब्द कधी खोटा नसायचा. हे मी आज लिहितोय. तेव्हा त्याला म्हणालो नव्हतो.

छप्पन सालच्या जानेवारीत, महाराष्ट्रासाठीच्या आंदोलनातल्या गोळीबारात भिवा गेला. शहर पेटलेलं होतं, किती तरी माणसं गेली. त्याच्या घरी, घोडपदेवला, जायचं राहिलं. आधी संचारबंदी होती. मग दिवस-कार्य चालू असेल म्हणून गेलो नाही. मग फार दिवस झाले म्हणून गेलो नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची जयंती. घोडपदेवच्या नाक्यापर्यंत गेलो होतो, सहज. निळे झेंडे, पांढरी पातळं नेसलेल्या बायका, पोरांची रांग. त्यांत भिवाची बायको शेवंती दिसली. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून चालली होती. मुलीची चाल हुबेहूब बापासारखी, एक खांदा वर. मी पानाच्या दुकानाआड झालो. तिथे मला काय काम होतं?

१९ एप्रिल, मंगळवार

आज कचेरीतून परस्पर चिंचपोकळीला उतरलो आणि नारळवाला चाळ पाहिली. बावीस वर्षांत मी एकही चाळ कागदाबाहेर पाहिलेली नव्हती.

तिसऱ्या मजल्याची गॅलरी रस्त्याच्या वळणावर बाहेर आलेली आहे. सतरा नंबरची तुळई बरोबर त्या वळणाखाली. तिच्यावरच्या खोलीत बुधाजी आणि सुंदराबाई हे म्हातारं जोडपं राहतं, मूळचे मालवणकडचे, दोघांचा जन्म गिरणीत गेला. सुंदराबाई कठड्याला नवीन पताका बांधत होत्या. मला भाडेकरू समजल्या.

"खोली बघूक इलात? खोली नाय हां खाली. पण एक तारखेक बघूक येवा. महाराष्ट्र होतलो ना आमचो. दिव्यांची मिरवणूक हय वळणार, हयसूनच सगळा दिसता. आख्खी चाळ ह्या कोपऱ्यात उभी रवतली. पावण्यांक घेऊन दीडशे तरी माणसा."

मी दुसऱ्या मजल्यावर उतरून, मान वर करून तुळई पाहिली. नवा हिरवा रंग दिलेला आहे. टाचा उंचावून बोटाच्या पेराने ठोकली. मला काही कळलं नाही. कळणार कसं? मी कागदाचा माणूस.

दीडशे माणसं. 

२१ एप्रिल, गुरुवार

धीर करून साहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, नारळवाला चाळीतली सतरा नंबरची तुळई पुन्हा पाहायला हवी.

"का? रकाना रिकामा आहे?"

"नाही."

"रिपोर्टवर सह्या आहेत?"

"आहेत. तुमचीही आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग सही झालेला रिपोर्ट चुकीचा आहे असं तुम्हाला म्हणायचंय का, रघुनाथराव? नीट विचार करून बोला. चुकीचा असेल तर कुणामुळे, हेही लिहावं लागेल."

"तसं काही नाही," म्हणालो आणि परत येऊन बसलो. ठोके पाच वाजेपर्यंत चालू होते.

२३ एप्रिल, शनिवार

ही वही कुलपात ठेवतो. तिच्यातसुद्धा खोटं लिहीत गेलो तर मग कुठेच खरं लिहिणार नाही. तेव्हा लिहितो.

छप्पनच्या त्या सोमवारी भिवाने तक्ता आणून दिला. सतरा नंबर रिकामा होता. त्या दिवशी त्या तुळईखाली कुणाचा तरी माचा आणि सामान रचलेलं होतं, हात पोहोचला नाही, असं त्याने सांगितलं. मी लाल गोल केला. मंगळवारी सकाळी शहरात आग भडकलेली. भिवा कचेरीत आला आणि म्हणाला, "रघुभाऊ, लालबाग-परळात गोळ्या सुटताहेत. सतरा नंबर गुरुवारी करतो." मी म्हणालो, "एकच रकाना आहे. अर्ध्या तासाचं काम." तो पुन्हा म्हणाला, "आज नको." मी कागद त्याच्या हातात दिला. साहेब आलेले नव्हते. कुणीही मला घाई केलेली नव्हती. शनिवारी रिपोर्ट द्यायचा होता आणि माझ्या टेबलावरून कधी अपुरा कागद गेलेला नव्हता, एवढंच कारण.

तो चाळीपर्यंत पोहोचलाच नाही. आधीच्या नाक्यावर गोळी लागली.

शुक्रवारी मी त्या रकान्यात दोन रेघा ओढल्या. वरची भरीव, खालची भरीव, तेव्हा मधलीही भरीव असणार. शनिवारी रिपोर्ट वेळेवर गेला.

२५ एप्रिल, सोमवार

घोडपदेवला गेलो. शेवंतीच्या दारात. तिने मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर म्हणाली, "म्हंजी रघुभाऊ. त्यांच्या तोंडात लई नाव असायचं तुमचं." तिने पाणी पुढे केलं. मला घाई आहे म्हटलं, तहान नाही म्हटलं. तांब्या तसाच मध्ये राहिला.

तिथे जायचं निमित्त मी ठरवून ठेवलं होतं: कचेरीची हातोडी. ती पेटीतून काढायला तिला वेळ लागला. लुगड्यांच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"इस्पितळातून कपडे नि ही दिली. कुणाला दाखवली न्हाई मी. हातोडी घेऊन मोर्चात कशाला गेला म्हणून पोलिसांनी विचारलं असतं. शेजारीबी कुजबुजले, दंगा करायलाच गेला असंल." मग म्हणाली, "मला सांगून गेला हापिसचं काम हाय. खोटं बोलला. पोर चार वर्षांची घरात, नि हा मला फसवून मोर्चात गेला. आता एक तारखेला मंडळवाले शाल देनार हायेत मला. हुतात्म्याची बायको म्हणून. घेईन. पण भाऊ, माझा राग गेला न्हाई त्याच्यावरचा."

मी हातोडी पिशवीत घातली. "बरं आहे, वहिनी, येतो," म्हटलं.

एवढंच म्हटलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदात राहून गेलेलं शोधत आलो, आणि स्वतःच्या तोंडातून जे राहून गेलं ते जिना उतरेपर्यंत मला कळत होतं, तरी मागे फिरलो नाही. मी भित्रा माणूस आहे.

२७ एप्रिल, बुधवार

हातोडी घेऊन पुन्हा चाळीत. बुधाजींनी स्टूल दिलं. सोळा नंबर ठोकली: हाताला झटका बसला. सतरा ठोकली: काहीच परत आलं नाही. पुन्हा ठोकली. भिंतीजवळच्या टोकाला तर उशीवर मारल्यासारखं वाटलं.

बुधाजींना म्हटलं, एक तारखेला इथे माणसं उभी करू नका.

"तुमी कोण सांगणार?" ते रागावले नव्हते, त्यांना गंमत वाटत होती. "मालकानं रिपोर्टाची नक्कल जिन्यात डकवली आहे. तुमच्याच कंपनीची. चोवीसच्या चोवीस भरीव. आमी भांडून घेतली ती पाहणी. आता तुमी म्हणता भरीव नाय. मग कागद खोटा की तुमी?"

मी म्हटलं, मी पुन्हा चौकशी करतो. उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर सगळं कळलं असतं: कागद खोटा, आणि तो मी केला. नोकरी गेली असती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार?

२९ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर ठोके. जेवताना, नळाखाली हात धुताना, कौसल्या बोलत असताना. ती काय बोलली ते ऐकूच आलं नाही. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "सतरा म्हणजे काय हो?" मी दचकलो. ती म्हणाली, "चार वर्षं झोपेत म्हणता. मला वाटायचं कुणाचं वय असेल."

तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "उद्या जा. नोकरीचं मागाहून बघू. दीडशे माणसं आहेत तिथे."

३० एप्रिल, शनिवार

गेलो. सकाळची पाळी सुटली होती, गॅलरीत पताका लावणं चाललेलं. चाळीचा सेक्रेटरी दगडू, पंचविशीचा, गिरणीतच जॉबर म्हणजे मुकादम, शिडीवर चढून दिवे बांधत होता. मी सतरा नंबरच्या वर उभा राहिलो आणि म्हणालो, "या तुळईची पाहणी झालेलीच नाही. रिपोर्टात जे लिहिलंय ते मी टेबलावर बसून लिहिलं. खोटं लिहिलं."

दगडू शिडीवरून उतरला. मला वाटलं मारतो. त्याने विचारलं, "मोजणीवाला आला होता की. मी बघितला होता, सोमवारी. आमच्याच माच्यामुळे अडलं होतं. म्हणाला परत येतो. मग आला का नाय?"

"येत होता. मी पाठवला होता. मंगळवारी. नाक्यावर गोळी लागली."

 सुंदराबाई दारातून पुढे आल्या. "हातोडी हातात होती तो? पिठाच्या गिरणीकडे पडलेलो?" मी मान हलवली. त्या कठड्याला धरून खाली बसल्या. "त्याच्या तोंडात पाणी मी घातलंय रे. आमका वाटला कोण सुतार. नाव सांगूक गेलो, जमला नाय त्याका. माझ्या हातात गेलो तो. आमच्याच तुळयेसाठी येत होतो?"

मग दगडू आत गेला, दोरखंड घेऊन आला आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी गॅलरी बांधून टाकली. बुधाजींनी खोलीतली भांडी उचलायला सुरुवात केली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी पातेली खाली नेऊन ठेवायला मदत केली. ती घेतली त्यांनी.

१ मे, रविवार

संध्याकाळी मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. मिरवणूक आली, दिवे, ढोल, घोषणा. नारळवाला चाळीची माणसं खाली रस्त्यावर गर्दीत चेंगरत होती, टाचा उंच करून बघत होती. वर दोरखंडाआड कोपरा रिकामा. शेजारच्या चाळीतून कुणीतरी ओरडलं, "तुमची चाळ पडली काय रे?" लोक हसले.

काही पडलं नाही. दोन तास मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: पडावा असं क्षणभर वाटलं मला.

२ मे, सोमवार

सुताराने सतरा नंबरच्या टोकाशी पहार लावली. पहार कोपरभर आत गेली. रंगाच्या आत लाकूड नव्हतंच, वाळवीची माती होती. सुतार म्हणाला, पन्नास माणसांच्या वजनालासुद्धा टिकली नसती.

चाळीतले पेढे घेऊन आले. बुधाजी म्हणाले, तुमी वाचवलंत. मी पेढा हातात धरून उभा राहिलो. खाणं शक्य नव्हतं.

३ मे, मंगळवार

साहेबांना लेखी दिलं. दोन्ही गोष्टी, रेघांची आणि भिवाची. त्यांनी वाचलं, पहिला परिच्छेद ठेवला आणि दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "याचा रिपोर्टाशी संबंध नाही. हे काढा." मी काढणार नाही म्हटलं. मग उद्यापासून येऊ नका, म्हणाले. टेबल आवरायला दहा मिनिटं लागली.

५ मे, गुरुवार

शेवंतीकडे गेलो. दुपारचे चार. ती तांदूळ निवडत होती, शाल घडी घातलेली तशीच खुंटीवर होती.

उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं. लाल गोल, मंगळवार, अर्ध्या तासाचं काम. ती सूप थांबवून ऐकत होती.

"नको म्हनला होता तो?"

"हो."

"किती डाव?"

"दोनदा."

"नि तुमी धाडलात."

"हो, वहिनी."

ती उठली. भिंतीवरचा भिवाचा फोटो खाली घेतला, पदराने पुसला, कडेकडेची धूळ नखाने काढली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "खोटं न्हाई बोलला. हापिसचं काम होतं." आणि मग ती रडायला लागली, फोटो पोटाशी धरून, आवाज दाबून. चार वर्षांपूर्वी रडायचं ते आत्ता रडत होती. मी तिथे होतो हे बरोबर नव्हतं, पण निघून जाणं त्याहून वाईट होतं.

शांत झाल्यावर म्हणाली, "मी तुमाला काय बोलनार न्हाई. बोलायला लागले तर थांबायची न्हाई. पोरगी येईल आता शाळेतून. तिला मीच शिकवलं, तुझा बाप आपल्याला फसवून गेला म्हणून. ती त्याच्या फोटोकडं बघत न्हाई. तिला तुमी सांगा. माझ्या तोंडून नगं."

अर्धा तास उंबऱ्यात उभा राहिलो. मुलगी आली, दप्तर खांद्यावर, एक खांदा वर. शेवंतीने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझा बाप कुठं गेला होता ते यांना ठावं हाय. ऐक."

मी तीनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा जमलं. तुळई म्हणजे काय तेही समजावून सांगितलं, बाप कसा ठोकायचा आणि गाल लावून कसा ऐकायचा तेही.  तिने सगळं ऐकलं, फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिकडे गोळ्या सुटत होत्या हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तुम्हीच का नाही गेलात?"

तिच्या आईने तिला गप्प केलं नाही. दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.